मुक्काम संभाजीनगरला आणि दिवस घाटाखाली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टच्या शेवटी पुण्याहून येऊन छत्रपती संभाजीनगरात चार-पाच दिवसांचा मुक्काम, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि नववीतली मुलगी, चालकासह भाड्याची गाडी. वेरूळ, देवगिरी आणि अजिंठा पक्कं आहे. उरलेल्या वेळात हिरवळ, पाणी आणि एखादं छोटं गाव हवं, पण रात्री हॉटेलवर परत यायचं. वर मुलीची अट, लेणी आणखी नकोत.

मी चाळीसगावचा. पाहुण्यांना वरून खाली घेऊन येणं आणि पुन्हा वर सोडून येणं हेच माझं काम आहे, त्यामुळे माझं उत्तर थोडं पक्षपाती असणार, हे धरूनच चला. माझं म्हणणं एकच आहे: संभाजीनगरच्या आसपास गोल गोल फिरू नका, उत्तरेकडचा घाट उतरा. नकाशावर जी अजिंठ्याची रांग, सातमाळा वगैरे दिसते ती म्हणजे पठाराची कड आहे. वर मराठवाडा, खाली खानदेश. पावसाळ्यात बघण्यासारखं जे काही आहे ते या कडेवर आणि कडेच्या पायथ्याशी आहे. वर मक्याची शेतं आणि ढाबे. कड आली की जमीन एकदम तुटते, धबधबे उत्तरेकडे कोसळतात आणि ते सगळं पाणी गिरणेतून, वाघूरमधून तापीला जातं. अजिंठ्याची लेणी ज्या नालाकृती कड्यात आहेत, तो कड्याचा नाल वाघूरनंच कोरलेला. तीच वाघूर पुढं धरणात अडवली आहे आणि जळगाव शहर तिचंच पाणी पितं. लोक अजिंठा बघतात आणि आल्या पावली मागं फिरतात. खानदेशच्या दारात उभं राहून आत न डोकावता परत जाणं मला पटत नाही.

आधी वार लावून घ्या. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. तेव्हा सोमवार घाटाखालच्या पाटणादेवीच्या देवळाला नि चाळीसगावला द्या, मंगळवार अजिंठ्याला आणि वेरूळ-देवगिरी बुधवारी. शनिवार-रविवारी ऑगस्टमध्ये घाटाकडं फिरकू नका. धबधब्याखाली नाचणाऱ्या पोरांच्या दुचाक्या रस्त्यावर आडव्या-तिडव्या लावलेल्या असतात आणि तुमच्या आईंना काचेतून गर्दीच बघावी लागेल.

आता पाटणादेवीचा दिवस, कारण तुमच्या घराला तोच सगळ्यात जास्त मानवेल.

संभाजीनगरहून कन्नड साधारण साठ किलोमीटर, पुढं घाट उतरून चाळीसगाव आणखी पस्तीसेक. ऐकायला जवळ वाटतं, पण मधल्या घाटाला किलोमीटरचा हिशोब लागू पडत नाही. कागदोपत्री तो औट्रम घाट, आम्ही कन्नडचा घाट म्हणतो. खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम, त्याचं नाव. सोलापूर-धुळे महामार्गाची सगळी वाहतूक इथून जायची आणि एखादा ट्रक वळणावर बंद पडला की चार-चार तास कोंडी ठरलेली. 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं अवजड वाहनांना बंदी आली, तेव्हापासून श्वास मोकळा झालाय. पण पाऊस कुणाचा आदेश मानत नाही. 31 ऑगस्ट 2021 ला इथं एका रात्रीत दरडी कोसळून घाट बंद पडला आणि खाली चाळीसगावात तितूर-डोंगरीच्या पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं. म्हणून पहिली गोष्ट, सकाळी निघण्याआधी चालकाला कन्नडमधल्या कुणाला तरी फोन करून घाट चालू आहे का विचारायला सांगा. प्रत्येक चालकाचा कन्नडात कुणी ना कुणी असतोच. रात्रभर धो-धो झाला असेल तर त्या दिवशी घाट सोडा, शहरातच पाणचक्की-बीबी का मकबरा करा आणि पाटणा दुसऱ्या दिवशी.

सकाळी साडेसहाला निघा. कन्नडला चहा. घाटात ढग असतील तर थांबायचा मोह होणारच. थांबा, पण नुसत्या वळणावर नको, रुंद जागा बघून आणि गाडी डोंगराच्या अंगाला लावून. वरून खाली बघितलं की सपाट हिरवी-काळी पाटी पसरलेली दिसते, तीच गिरणेच्या खोऱ्याची सुरुवात. ऑगस्टअखेर कपाशी कंबरेला आलेली असते.

पाटणं गाव चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवर, कड्याच्या अगदी पायाशी. ही सगळी बाजू गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते. 1986 साली ते घोषित झालं, क्षेत्र साधारण 260 चौरस किलोमीटर. बिबट्या आहे, रानडुक्कर आणि नीलगाय आहे, पण प्राणी बघायला म्हणून येऊ नका, निराश व्हाल. 2021 मध्ये विदर्भातल्या टिपेश्वरहून एक वाघ चालत चालत इथवर आला तेव्हा आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत दुसरा विषय नव्हता. इथं बघायची ती झाडं. मुलीला अंजनाचं झाड दाखवा. पान हातात घेतलं की दोन पानं देठाशी जोडलेली दिसतात, फुलपाखरानं पंख उघडावे तशी. खोड सरळ, साल करडी आणि खरबरीत, आणि लाकूड इतकं कठीण की सुतार तोंड वेंगाडतो. कड्यावरच्या उघड्या खडकात, जिथं दुसरं काही तग धरत नाही, तिथं अंजन उभा. शेजारी सालई, धावडा, पळस. उन्हाळ्यात हेच जंगल खराट्यासारखं उघडं पडतं. मे महिन्यात आलेला माणूस आणि ऑगस्टमध्ये आलेला माणूस एकाच जागेबद्दल बोलतोय यावर विश्वास बसणार नाही.

चंडिकेचं म्हणजे पाटणादेवीचं देऊळ इथलं, ती खानदेशातल्या असंख्य घराण्यांची कुलदेवता. नवरात्रात इथं मुंगीला वाट नसते, ऑगस्टच्या सोमवारी मात्र निवांत असतं. श्रावण चालू असेल तर महादेवाकडं थोडी वर्दळ. देवीच्या आधी उंच जोत्यावरचं महादेवाचं जुनं हेमाडपंती मंदिर लागतं, ते ओलांडून पुढं जाऊ नका. बाहेरच्या भिंतीचे कोन एकामागून एक इतके पडलेत की सावली सरळ पडतच नाही. आई-वडिलांना इथं बसवून ठेवलं तरी त्यांचा तास सहज जाईल.

आणि मुलगी नववीत आहे म्हणून सांगतो, तिला इथं गणिताच्या पुस्तकातला माणूस भेटेल. पाटण्याच्या शिलालेखात 1207 च्या सुमाराची नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला. म्हणजे सिद्धान्तशिरोमणी 1150 ला लिहून झाला आणि पन्नास-साठ वर्षांत त्यासाठी खास शाळा या कड्याखाली उभी राहिली. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, आणि त्यात काय आहे तर बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला द्यावा, असा व्यवहार. शाळेच्या खर्चाची सोय दगडात कोरून ठेवलेली. गावातले लोक तुम्हाला ठासून सांगतील की भास्कराचार्य इथंच जन्मले. त्यांनी स्वतः सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जलविड हे गाव सांगितलंय आणि ते नेमकं कुठलं यावर विद्वानांचे वाद आहेत. मी पाहुण्यांना नातवाचंच सांगतो. ते दगडात आहे, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही.

देवळाच्या पुढं रानात केदारकुंडाचा धबधबा आहे. वाट जंगलातली, ओढा ओलांडत जाणारी. तुम्ही आणि मुलगी जा, आजी-आजोबांना देवळापाशी ठेवा. जाताना वनखात्याचा माणूस किंवा गावातला एखादा जाणता पोरगा बरोबर घ्या आणि त्याला नीट पैसे द्या. धबधब्याच्या डोहात उतरू नका. पावसाळ्यात वर कन्नडकडं पडलेला पाऊस खाली दिसत नाही, पण ओढ्याला कळतो: पाणी आधी गढूळ होतं, मग त्यात काटक्या-पाचोळा येतो आणि त्यानंतर ओलांडायला फार वेळ उरत नाही. पाणी रंग बदलताना दिसलं की फोटो राहू द्यायचा, पलीकडच्या काठावर असाल तर आधी इकडं यायचं. इतकी एक गोष्ट मुलीच्या डोक्यात बसवा, बाकी तिला मोकळं सोडा.

डोंगरात नागार्जुन कोठडी, शृंगार चावडी, सीता न्हाणी अशी छोटी कोरीव लेणी आणि वर कण्हेरगड आहे. पण ते तरण्या गुडघ्यांचं काम आणि तुमच्याकडं तर लेण्यांना बंदी.

बंदी असली तरी एका जागेचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. कन्नडहून येताना घाट लागायच्या आधी डावीकडं पितळखोऱ्याचा फाटा आहे. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी ही, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातली. लेणी म्हणून नका बघू, दरी म्हणून बघा. भरपूर पायऱ्या उतरून तुम्ही ओढ्याच्या पात्राशी येता, वरून पाणी कोसळत असतं आणि समोर दगडातले हत्ती ओळीनं उभे. खडक ठिसूळ, निम्मं शिल्प ढासळलेलं, काही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलेलं. पण चैत्यातल्या खांबावर अजून वाचता येतं की हे दान पैठणच्या मित्रदेव नावाच्या गंध्याचं. अत्तर विकणाऱ्यानं पैठणहून उत्तरेला जाताना या घाटवाटेत पैसे खर्च केले, कारण माल याच वाटेनं खाली उतरायचा. तुम्ही ज्या घाटातून जाणार त्याचा तो जुना भाऊबंद. मात्र उतरलेल्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. तुमच्या वडिलांसाठी नाही. आणि पाटणादेवी नि पितळखोरा एकाच दिवशी करायचं तर चाळीसगाव सुटतं. मी चाळीसगाव सुटू देणार नाही.

चाळीसगावात दुपारी एकपर्यंत या. जेवण आधी. इथं एक सावधगिरी: सगळे तुम्हाला भरीत खा म्हणून सांगतील. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, कौतुक खरंच आहे. पण ते हिवाळ्याचं खाणं. हिरवट पांढरं, हाताच्या कोपरापर्यंत लांब वांगं थंडीत येतं, शेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, मग लाकडी खोलगट भांड्यात मुसळीनं ठेचून त्यात तळलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि मूठभर कांद्याची पात. ऑगस्टमध्ये हॉटेलात मिळणारं भरीत त्याच नावाचं असतं, एवढंच. डिसेंबरात पुन्हा आलात तर मी स्वतः शेतात घेऊन जाईन. पावसात वरण-बट्टी खा. कणीक जरा भरडच दळलेली, त्यात ओवा, हळद, मोहन. गोळे आधी शिजवून किंवा गोवऱ्यांवर भाजून, मग कापून तुपा-तेलात तळतात. ताटात बट्टी चुरायची, वर तुरीचं घट्ट वरण, तुपाची धार आणि बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. साध्या खानावळीत बट्टी रोज नसते, सकाळी फोन करून सांगून ठेवावं लागतं. ते जमलं नाही तर शेवभाजी कुठंही मिळेल. आई-वडील असतील म्हणून तिखट कमी सांगा, आणि आमचं 'कमी' तुम्हाला पुण्यात जास्तच वाटेल, तेव्हा दोनदा सांगा.

जेवण झालं की स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घर. आता ते कलादालन आहे. केकी मूस पारशी, जन्म 1912 चा. विलायतेत कला शिकून आलेला माणूस चाळीसगावच्या या बंगल्यात येऊन बसला तो 1989 साली मरेपर्यंत जवळजवळ घराबाहेर पडला नाही. आत त्यांची छायाचित्रं आहेत, त्यात टेबलावर लहान-सहान वस्तू मांडून त्यातून अख्खं निसर्गदृश्य उभं करणारी 'टेबल टॉप' छायाचित्रं. मुलीला आधी नुसतं चित्र बघू द्या, मग विचारा की हे कुठं काढलं असेल. गावात सांगतात की ते रोज संध्याकाळी पंजाब मेलच्या वेळी दार उघडं ठेवून कुणाची तरी वाट बघत. त्यातलं खरं किती, गावानं रचलेलं किती, ते ज्यानं त्यानं ठरवावं. दालन उघडं असल्याची खात्री आदल्या दिवशी करून घ्या.

याच स्टेशनाच्या परिसरात 1929 साली बाबासाहेब आंबेडकरांचा टांगा उलटून ते जखमी झाले होते. टांगेवाल्यांनी त्यांना बसवून टांगा हाकायला नकार दिला आणि शेवटी टांगा हाकायची सवय नसलेल्या माणसाला लगाम धरावे लागले, त्यातून झालेला अपघात. तिथं बघायला काही नाही. पण मी पाहुण्यांना स्टेशनाकडून नेताना हे सांगतो. छोटं गाव म्हणजे नुसता चहा आणि भोळी माणसं, असं समजून कुणी परत जाऊ नये.

साडेचारला चाळीसगाव सोडा. घाट उजेडात चढायचा. पावसाळ्यात अंधार आणि धुकं एकदमच येतात.

अजिंठ्याचा दिवस वेगळ्या रीतीनं लावा. इथं बहुतेक टूरवाले पाहुण्यांना दहा-साडेदहाला पोचवतात, म्हणजे नेमके सगळे जण पोचतात तेव्हा. तुम्ही पहाटे साडेपाचला निघा, शंभर किलोमीटर आहे, मध्ये सिल्लोडला नाश्ता. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी ठेवून पुढं बसनं जावं लागतं. सकाळी लवकर आत गेलं की क्रमांक एक आणि दोनची लेणी गर्दी नसताना मिळतात, आणि तिथं गर्दी नसणं म्हणजे सगळं काही, कारण आत उजेड आधीच कमी आणि माणसांच्या डोक्यांनी उरलेलाही जातो. मग सोळा, सतरा, एकोणीस, सव्वीस. सगळी लेणी करायची जिद्द धरू नका. आई-वडिलांसाठी पायथ्याशी डोलीवाले मिळतात, भाव आधी ठरवा. एकपर्यंत खाली.

इथून लोक परततात आणि इथूनच तुमचा अर्धा दिवस सुरू होतो. पाऊस उघडा असेल तर सोयगावला या. फर्दापूरहून कड्याच्या पायथ्यानं जाणारा रस्ता आहे, डाव्या हाताला डोंगराची भिंत सतत सोबत. सोयगाव तालुका कागदावर मराठवाड्यात, संभाजीनगर जिल्ह्यात. पण पीक, बोली आणि ताट बघितलं तर माणूस म्हणेल खानदेशच. निजामाची हद्द घाट उतरून खाली आली होती म्हणून हे असं. सोयगावहून वेताळवाडीकडं वळलं की धरणाचं पाणी लागतं आणि त्याच्या वर वेताळवाडीचा किल्ला. इतकी शाबूत तटबंदी या रांगेत क्वचित. वर चढायचं तर दीड-दोन तास हवेत. नाही जमलं तरी बिघडत नाही, कारण रस्ता त्याच किल्ल्याला बिलगून हळद्याच्या घाटानं वर चढतो आणि प्रत्येक वळणाला किल्ल्याची वेगळी बाजू दिसते. गाडीतून न उतरता किल्ला बघायची ही सोय तुमच्या वडिलांना आवडेल. वर हळदा, उंडणगाव करत सिल्लोडच्या रस्त्याला लागता येतं, म्हणजे आलेला रस्ता पुन्हा बघायची शिक्षा नाही. रस्ता अरुंद आहे, पावसात खड्डे असतात; मोठी बस नको, तुमची गाडी चालेल. चारनंतर फर्दापूरहून निघत असाल तर मात्र हा बेत सोडून सरळ मोठ्या रस्त्यानं परत फिरा.

छोटं गावच हवं असेल तर सोयगावऐवजी शेंदुर्णी. फर्दापूरहून पहूर आणि तिथून आत. इथलं त्रिविक्रमाचं मंदिर आणि संत कडोजी महाराजांची परंपरा यामुळे आमच्याकडं याला खानदेशचं पंढरपूर म्हणतात. कार्तिकात रथ निघतो तेव्हा आख्खा जामनेर-पाचोरा इथं असतो. एरवी हे शांत, जुन्या लाकडी घरांचं, कापसाच्या व्यापारावर वाढलेलं गाव. या गावावरून पाचोरा-जामनेर ही नॅरोगेजची गाडी जायची. आम्ही 'पीजे' म्हणायचो. शंभर वर्षं दूध, भाजी, शाळेची पोरं आणि परीक्षेला निघालेले मास्तर वाहून 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली आणि मग रूळ रुंद करायचं ठरलं. ज्यांनी तिच्या दारात बसून प्रवास केलाय त्यांना रुंद रुळाचं फार कौतुक नाही, पण पाचोऱ्याला दवाखान्यात वेळेवर पोचायचं असतं त्यांना आहे, आणि तेही खरं. शेंदुर्णीत तासभर पुष्कळ झाला. देऊळ, बाजाराची गल्ली, एका दुकानात भजी. याहून जास्त अपेक्षा ठेवून आलात तर माझ्या नावानं बोटं मोडाल.

अजिंठा गावाबद्दल एकच वाक्य: घाटाच्या वर, तटबंदीच्या आतलं हे गाव बसमधून सगळेच बघतात आणि उतरत कुणी नाही, पण लेण्यांची चित्रं वर्षानुवर्षं उतरवून घेणारा रॉबर्ट गिल इथं राहिला, त्याची इथली सोबतीण पारो 1856 ला इथंच वारली, तिची कबर गावात आहे, आणि गिलची मात्र भुसावळला.

आता तुम्ही विचारलेली बाकीची नावं. तोरणमाळ एका दिवसात संभाजीनगरहून? नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या पार टोकाला, सातपुड्यात आहे ते. तिथं एक रात्र तरी राहायचं असतं. मनुदेवीचा धबधबा सुंदर, यावल तालुक्यात, पण तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी. पालचं जंगल रावेर तालुक्यात, तेही तिकडंच. हतनूरच्या जलाशयावर पक्षी हिवाळ्यात येतात, ऑगस्टमध्ये तुम्हाला नुसतं गढूळ पाणी आणि उघडलेले दरवाजे दिसतील. पद्मालयाचं गणपती मंदिर आणि कमळांचं तळं एरंडोलजवळ, अंमळनेरला साने गुरुजींची शाळा नि तत्त्वज्ञान मंदिर. दोन्ही जाण्याजोगी, पण संभाजीनगरहून जाऊन येऊन करायची नव्हेत. त्यांच्यासाठी जळगावला मुक्काम हवा. खरं तर तुमच्या चारपैकी शेवटची रात्र जळगावला हलवता आली तर मी म्हणेन हलवाच: अजिंठा बघून मागं न फिरता साठ किलोमीटर पुढं या, जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ संध्याकाळी किंवा सकाळी बघा, दुसऱ्या दिवशी मनुदेवी किंवा पद्मालय, आणि गाडी तिथंच सोडून जळगावहूनच रेल्वेनं परत. हॉटेल एकच ठेवायचा हट्ट पाहुण्यांना सगळ्यात महाग पडतो. पण आई-वडिलांना सामान बांधा-सोडा करायचं जिवावर येत असेल तर राहू द्या, वरचे दोन दिवस भरपूर आहेत.

श्रावणातल्या नागपंचमीनंतरचा पहिला रविवार तुमच्या तारखांत येतो का ते पंचांगात बघा. त्या दिवशी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी वाजत-गाजत तिचं विसर्जन होतं. तसं जुळलं तर सोमवारी घाट जरा उशिरा उतरलात तरी चालेल, गावोगावच्या मिरवणुकीत गाडी थांबणारच आहे आणि चालकही खानदेशी निघाला तर तो उतरून नाचणार. रोटाचा प्रसाद मात्र मागू नका, तो घरच्यांनीच खायचा असतो. पोळा त्यानंतर, अमावास्येला. पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर खानावळी बंद आणि रस्त्यावर रंगवलेल्या शिंगांचे बैल. जेवण सोबत ठेवून आलात तर तो दिवस फार छान जातो.

काही बारीकसारीक. पाटणादेवीला आणि सोयगावच्या बाजूला मोबाइलची रेंज भरवशाची नाही, तेव्हा भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवून मगच वेगळे व्हा. रोख पैसे ठेवा. वाटेत स्वच्छ शौचालय म्हणाल तर कन्नड, सिल्लोड आणि चाळीसगावचे बरे ढाबे, टी-पॉइंट, बस्स. आईंसाठी त्या हिशोबानं थांबे ठरवा. बुटांना तळव्याला खाच हवी, पावसाळ्यात खडकावर शेवाळ असतं आणि पुण्यातले गुळगुळीत स्पोर्ट शूज तिथं दगा देतात. माकडांसमोर पिशवी उघडायची नाही. अभयारण्यातून सूर्यास्ताआधी बाहेर.

गाडीशिवाय जमेल का, असंही शेवटी विचारलंय. जमेल, एसटी मध्यवर्ती स्थानकावरून चाळीसगाव-धुळ्याकडं जाते. चाळीसगावहून पाटण्याला रिक्षा करावी लागते. जाऊन-येऊन आणि थांबायच्या वेळेसह भाडं एकरकमी ठरवा आणि निम्मेच पैसे आधी द्या, नाहीतर परतीची रिक्षा दिसणार नाही. पण आई-वडील सोबत असताना मी एसटीच्या वाटेला जाणार नाही. चालकाशी ठरवताना दोन गोष्टी बोलीत घ्या: कन्नडचा आणि हळद्याचा घाट त्यानं पावसात चालवलेला असावा, आणि त्याचं जेवण तुमच्याबरोबर तुमच्याच खर्चानं. पोटभर बट्टी खाल्लेला चालक दुपारी झोपेला येतो हेही खरं, म्हणून चाळीसगावात केकी मूसच्या घरात तुम्ही तासभर असाल तेव्हा त्याला गाडीतच आडवं होऊ द्या.